काम अडलं की उठायचं कसं

बहुतेक ब्रेक दोन कारणांनी फुकट जातात. उठताना काम कसंही टाकून दिलेलं असतं, आणि उठल्या उठल्या हात फोनकडे जातो. किती वेळ उठायचं, कुठे जायचं, या गोष्टी त्यानंतरच्या. खालची पद्धत लिहिणाऱ्यांना, चित्रं काढणाऱ्यांना, डिझाइन करणाऱ्यांना, चाली बांधणाऱ्यांना, व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना सारखीच चालते. जागा मात्र ठाणे आणि नवी मुंबईतल्या दिल्या आहेत, कारण छोटा ब्रेक दाराबाहेर पडल्यापासून दहा मिनिटांच्या आत सुरू झाला नाही तर तो छोटा राहत नाही.

आधी बघा, अडलंय नेमकं काय

एकच ओळ तिसऱ्यांदा वाचली जातेय, कर्सर भलत्याच लेयरवर जातोय, रोजच्या वापरातला शब्द आठवत नाही: हा थकवा. पाच-सात मिनिटं पुरतात.

सुचतंय, पण फिरून फिरून तेच सुचतंय, लोगोचे चार पर्याय काढले आणि चारही एकाच घरचे दिसतात: इथे वीस ते चाळीस मिनिटं चालायला जा.

दुपारी दोनला डोळे मिटायला लागले तर ती झोप आहे, सर्जनशीलतेचा प्रश्न नाही. गजर लावून वीस मिनिटांची वामकुक्षी घ्या. अर्ध्या तासापलीकडे गेलात तर गाढ झोप लागायला सुरुवात होते, त्यातून मध्येच उठलं की डोकं जड होतं आणि ते हलकं व्हायला वेळ जातो. पाचनंतर ही झोप नको, रात्रीची बिघडते.

माहितीच नसेल तर ब्रेक घेऊन काही होणार नाही. १९७० साली गिरणीची पाळी किती वाजता सुटायची हे कथेला हवं असेल, तर तलावाला कितीही फेऱ्या मारल्या तरी ते सुचणार नाही. ते कुणाला तरी विचारावं लागतं किंवा वाचावं लागतं.

पाचवा प्रकार सगळ्यात फसवा. काम अजून सुरूच झालेलं नाही, पान कोरं आहे आणि उठावंसं वाटतंय. अशा वेळी उठू नका. टायमर लावून पंधरा मिनिटं वाईट का होईना, काम करा. वाईट पहिला परिच्छेद, वाईट पाच स्केचेस, चालीचं वाईट तोंड. डोक्यात कच्चा मालच नसेल तर ब्रेकमध्ये मुरणार काय? २००९ साली सिओ आणि ऑर्मरॉड या दोन संशोधकांनी अडलेला प्रश्न बाजूला ठेवून घेतलेल्या विश्रांतीवरचे शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून तपासले. आधी प्रश्नाशी जास्त वेळ झटापट केलेली असेल तर मधल्या विश्रांतीचा फायदा जास्त दिसतो, हा त्यातला एक निष्कर्ष. फिरताना सुचलेल्या गोष्टींचे किस्से सांगताना त्याआधीचे कष्टाचे दिवस लोक गाळतात, म्हणून हा भाग सहसा ऐकू येत नाही.

काम खाली कसं ठेवायचं

याला दोन मिनिटं लागतात आणि सगळ्या पद्धतीत हाच भाग सर्वात महत्त्वाचा आहे. कागदावर, हाताने, तीन ओळी लिहा.

पहिली ओळ: कुठे थांबलो. दुसरी: परत आल्यावर करायची सगळ्यात छोटी कृती. तिसरी: डोक्यात घेऊन जायचा एकच प्रश्न.

तिसऱ्या ओळीवर जरा मेहनत घ्या. "दुसरा प्रवेश कंटाळवाणा होतोय" ही तक्रार झाली, तिला उत्तर येत नाही. "पत्र सापडलंय हे सासूला कोण सांगणार, आणि सून त्या वेळी खोलीत असेल का?" हा प्रश्न झाला. "पोस्टर डल वाटतंय" असं लिहिण्याऐवजी "नाव आणि तारीख यांत आधी नजर कशावर जायला हवी?" असं लिहा. प्रश्नात माणूस, वस्तू किंवा जागा आली की तो डोक्यात टिकतो. दोन प्रश्न घेऊन निघालात तर दोन्ही अर्धेच चघळले जातात.

तीन ओळींचा खटाटोप कशासाठी? सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की अर्धं काम सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा एक तुकडा पहिल्या कामातच अडकून राहतो. नंतर २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लोम यांनी पुढचं दाखवलं: उठण्यापूर्वी कुठे आहोत आणि परतल्यावर काय करायचं हे मिनिटभरात लिहून ठेवलं तर ती अडकण कमी होते. ते प्रयोग ऑफिसातल्या व्यत्ययांबद्दलचे होते. घरी लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी नाही, फक्त व्यत्यय आणणारा साहेब नसून कुकरची शिट्टी असते.

लिहिणाऱ्यांनी शक्यतो वाक्याच्या मध्यावर थांबावं, परिच्छेद संपल्यावर नाही. पुढचे चार शब्द माहीत असताना उठलं की परतल्यावर सुरुवात आपोआप होते. जलरंगाला मात्र हे लागू नाही. ओला वॉश, म्हणजे पाण्यासारख्या पातळ रंगाचा थर, अर्धा सोडलात तर तिथे कडा धरते आणि ती नंतर निघत नाही. तो वॉश पूर्ण करूनच उठा, आणि पावसाळ्यात कागद वाळायला लागणारा वेळ हाच ब्रेक समजा. ॲक्रिलिकचं उलटं. एप्रिल-मे मध्ये पंख्याखाली पॅलेटवरच्या रंगाला थोड्याच वेळात साय धरते. उठताना पाण्याचा फवारा मारून वर ओला टिश्यू आणि झाकण ठेवा, ब्रश पाण्यात उभा न ठेवता धुऊन आडवा ठेवा. टाकाचं निब पुसून ठेवा, त्यावर शाई वाळली की पुढची रेघ तुटक येते.

एडिट करणाऱ्यांनी टाइमलाइनवर मार्कर टाकून त्याच्या नावात प्रश्न लिहावा. एक्स्पोर्ट किंवा प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवायचं काम असेल तर ते लावून उठा. चाल बांधत असाल तर जिथवर झाली तिथवरची तीस सेकंदं रेकॉर्ड करा आणि त्यात पट्टी बोलून ठेवा, म्हणजे परत आल्यावर काळी दोन होती की पांढरी तीन हे शोधत बसावं लागणार नाही.

पाच-सात मिनिटांचा ब्रेक

खुर्चीतून उठलं पाहिजे, ही एकच अट. त्याच खुर्चीत बसून दुसरी खिडकी उघडणं हा ब्रेक नव्हे, ते दुसरं काम.

डोळ्यांसाठी सोपा नियम आहे: दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघायचं. वीस फूट म्हणजे सहा मीटर. घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये समोरचा टॉवर त्यापेक्षा लांबच असतो, तेव्हा देखावा नाही ही सबब चालत नाही. कळव्याच्या किंवा वाशीच्या जुन्या सेक्टरमधल्या तळमजल्यावर राहत असाल तर जिन्यात किंवा गेटपर्यंत जा.

हाताला हलकं काम द्या. लसूण सोलणं, मटार सोलणं, कुंडीला पाणी, वाळलेले कपडे घड्या करणं. स्वतः चहा करणं उत्तम, कारण दूध उतू जाऊ नये म्हणून तिथे उभं राहावंच लागतं आणि सात-आठ मिनिटांत तो आपोआप संपतो. काम असं निवडा की ज्याचा शेवट ठरलेला आहे. एक कप विसळायला गेलेला माणूस ओटा घासतो, मग फडताळ आवरायला काढतो, आणि तासाभराने दमून परत येतो. स्वच्छता हा ब्रेकचा सगळ्यात सभ्य शत्रू आहे, कारण तिच्याबद्दल कुणी रागावत नाही.

कानांचं काम करणाऱ्यांनी, म्हणजे मिक्सिंग, डबिंग, साउंड एडिट करणाऱ्यांनी, तासाभराच्या ऐकण्यानंतर दहा मिनिटं शांतता घ्यावी. कान थकले की उंच स्वर कमी वाटायला लागतात, आपण ते वाढवतो, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक कर्कश लागतो. अशांनी स्टेशनच्या दिशेने फेरी मारू नये. रिक्षांच्या हॉर्नमध्ये उभं राहणं कानांना विश्रांती नाही. मागची खोली, खिडकी बंद, बस्स.

वेळ मोजायला फोन वापरू नका. स्वयंपाकघरातला चावीचा टायमर घ्या. फोनवर गजर लावायला गेलं की स्क्रीनवर सोसायटीच्या ग्रुपचे एकोणतीस मेसेज दिसतात, त्यात पाण्याच्या टँकरवरून भांडण चालू असतं, आणि ते भांडण सहा तास डोक्यात राहतं.

चालायला जाताना

वीस ते चाळीस मिनिटं. वीसच्या आत असलं तर डोकं अजून खोलीतच असतं, पहिली काही मिनिटं कामाशी मघाचंच भांडण चालू राहतं. चाळीसच्या वर गेलं की पाय दुखतात, तहान लागते, मग वडापाव दिसतो.

वेग असा ठेवा की गप्पा मारता येतील. हा व्यायाम नाही, धाप लागली की लक्ष श्वासावर जातं. घड्याळावर पावलं मोजू नका. पहिली पाच मिनिटं प्रश्नाचा विचार मुद्दाम करू नका, दुकानांच्या पाट्या वाचा. मग एकदा प्रश्न मनात म्हणा आणि सोडून द्या. दर दोन मिनिटांनी "सुचलं का?" म्हणून स्वतःला विचारणं म्हणजे पेरलेलं बी रोज उकरून बघणं.

खिशात छोटी वही आणि पेन्सिल. पावसाळ्यात बॉलपेन ओलसर कागदावर अडतं, पेन्सिल चालते. काही सुचलं तर पाच-सहा शब्द लिहा. नुसता तुकडा असेल, एखादं वाक्य, एखादा रंग, तर लिहून फेरी पूर्ण करा. पूर्ण उत्तरच सापडलं असेल तर सरळ घरी वळा, फेरी पूर्ण करायचा हट्ट नको.

चालणं कशासाठी चांगलं आणि कशासाठी नाही, हे माहीत असलेलं बरं. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ओपेझो आणि श्वार्ट्झ यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. चालताना लोकांना एका वस्तूचे वेगवेगळे उपयोग बसल्यापेक्षा जास्त सुचले, आणि चालून आल्यावर बसलं तरी हा परिणाम काही काळ टिकला. पण जिथे एकच बरोबर उत्तर शोधायचं होतं, तिथे चालण्याने मदत झाली नाही, उलट किंचित तोटाच दिसला. म्हणून पर्याय चालताना गोळा करा, त्यातला एक निवडायचं काम बसून करा. त्याच प्रयोगात कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला होता. तेव्हा जवळ तलाव नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पार्किंगमधल्या खांबांभोवती किंवा लांबलचक कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या तरी काम होतं. दिसायला जरा विचित्र दिसेल, वॉचमनला दोन दिवसांत सवय होते.

ठाण्यात तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाची फेरी, सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी उन्हं उतरण्याआधी ठीक. संध्याकाळी ती जत्रा असते. ओळखीचे भेटतात, खाऊगल्लीचे वास येतात आणि प्रश्न पाण्यात जातो. महापालिका मुख्यालयाजवळचा कचराळी तलाव लहान आहे, तिथे डोकं न वापरता गोल गोल फिरता येतं, आणि रस्ता निवडावा लागत नाही हाच गोल फेरीचा फायदा. उपवनला संध्याकाळी गर्दी, सकाळी निवांत. तुमच्या तलावाची एक फेरी किती मिनिटांत होते ते एकदा मोजून ठेवा, मग घड्याळही लागत नाही.

नवी मुंबईत सेक्टरची आखणीच उपयोगी पडते, बहुतेक ठिकाणी कोपऱ्यावर बाग असते. वाशीत सागर विहार आणि मिनी सी-शोअर, नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरला सेंट्रल पार्क. सेंट्रल पार्क मोठं आहे, तिथे वीस मिनिटांचं तासात रूपांतर सहज होतं. गेटपासून ठरावीक झाडापर्यंत जाऊन परत फिरायचं, असं आधी ठरवा. जोरदार पावसात वाशी, बेलापूरसारख्या सिडकोने बांधलेल्या स्टेशनांच्या लांबरुंद इमारती कामाला येतात, फक्त ऑफिस सुटायच्या वेळा टाळा. मार्च ते मे, अकरा ते साडेचार, उघड्यावर जाऊ नका. दमट उकाड्यात माणूस ताजा होऊन येत नाही, आंघोळीचा विचार करत येतो.

ओळखीच्या माणसांवर एक उपाय: कानात इअरफोन घालायचे, गाणं लावायचं नाही. "काय मग, काय चाललंय हल्ली?" हा प्रश्न बऱ्याचदा टळतो. गाणं न लावण्याचं कारण असं, की शब्द असलेलं गाणं लिहिणाऱ्याच्या डोक्यातली तीच जागा अडवतं जिथे वाक्यं तयार होतात. पॉडकास्टचंही तेच. रंगाचं काम करणाऱ्यांना गाणं तितकं नडत नाही.

ट्रेनचा ब्रेक

ज्यांना चालवत नाही किंवा घरात जागाच नाही, त्यांच्यासाठी ठाणे–वाशी ट्रान्स हार्बर. जायला साधारण अर्धा तास. दुपारी बारा ते चारच्या दरम्यान खिडकी मिळायची शक्यता बरी असते. रिटर्न तिकीट काढा, वाशीला उतरून एक चहा, परत. ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या बाजूने एकीकडे पारसिकचा डोंगर आणि कारखान्यांच्या शेड, दुसरीकडे वस्ती. बघण्यासारखं फार नाही, पण सरकत राहतं आणि तुम्हाला काही करावं लागत नाही, एवढंच हवं असतं. वही मांडीवर उघडी ठेवा. फोन बॅगेच्या तळाला टाका, खिशात नाही. खिशातला फोन रबाळे येईपर्यंत हातात आलेला असतो. पावसाने गाड्या रखडल्या असतील त्या दिवशी हा प्रयोग करू नका.

परतल्यावर

पाय धुवा, पाणी प्या, आणि मेसेज न बघता तीन ओळींच्या कागदाकडे जा. दुसऱ्या ओळीतली छोटी कृती लगेच करा, ती चुकीची वाटत असली तरी. सुचलेलं आधी कागदावर, मग स्क्रीनवर. पहिली दहा मिनिटं आधीचं वाचून दुरुस्त करत बसू नका. दुरुस्तीचं डोकं एकदा चालू झालं की नवीन सुचणं थांबतं.

काहीच सुचलं नाही तर? ब्रेक वाढवू नका, प्रश्न बदला. दोन ब्रेक कोरडे गेले तर अडचण बहुधा तिथे नसतेच, दोन पावलं मागे असते. तिसऱ्या प्रवेशातला संवाद जमत नसेल तर पहिल्या प्रवेशात त्या माणसाला काय हवं होतं ते तपासा. पोस्टरवरचं अक्षर बसत नसेल तर मजकूरच जास्त आहे का बघा.

घरच्यांना मात्र एकदा समजावून सांगावं लागतं. ब्रेकवर असलेला माणूस घरात रिकामा दिसतो. "घरीच आहेस ना, मग जरा सिलेंडरवाल्याचं बघ," असं आई म्हणते, सासूबाई म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. दिवसातली एक वेळ ठरवा जेव्हा ही कामं हक्काने सांगितली जातील, समजा जेवणानंतर. बाकी वेळी गॅलरीत नुसतं उभं असलात तरी काम चालू आहे असं धरलं जावं. पहिल्या आठवड्यात हे कुणी पाळत नाही, पुन्हा सांगा.

अर्ध्या दिवसाची सुट्टी

पंधरवड्यातून एकदा. इथे हेतू वेगळा आहे, चालू प्रश्न घेऊन जायचा नाही. भांडं भरून आणायचं. स्वतःच्या कलेपासून लांब जा. लिहिणाऱ्याने पुस्तकांच्या प्रदर्शनात जाऊ नये, डिझाइनरने डिझाइनच्या.

लिहिणाऱ्यांसाठी सकाळचा जांभळी नाका: भाजीवाले ढीग कसे रचतात, भाव पाट्यांवर कसे लिहितात, गिऱ्हाईक कुठल्या वाक्याला वळतं. दृश्य काम करणाऱ्यांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ सालचं, तिथे आपल्या विषयाबाहेरचं काहीतरी उचलून चाळा. नाटक बघायचं तर गडकरी रंगायतन, घाणेकर किंवा वाशीचं विष्णुदास भावे.

नोव्हेंबर ते मे या दिवसांत फ्लेमिंगो. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंसाठीचा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी निघतात, त्यांची वेळ भरतीवर ठरते, तेव्हा आधी नोंदणी करा. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी नेरूळच्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्यासारख्या उथळ जागी येऊन थांबतात, ओहोटीला खाण्यासाठी पुन्हा पसरतात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून गेल्या रविवारी दिसले त्याच वेळेला या रविवारी जाऊन उपयोग नाही. कॅमेरा घरी ठेवा. फोटो काढायला गेलात तर ते परत काम होतं.

येऊरला जाणार असाल तर उजेडात जा आणि अंधाराआधी बाहेर पडा. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचा वावर खरा आहे. खारघरच्या पांडवकडा धबधब्याला पावसाळ्यात जायला बंदी घातली जाते, तिथे अपघाती मृत्यू झाले आहेत. बंदीची पाटी दिसली तर परत फिरा.

वेळच नसेल तर

मालिकेचे संवाद चारला पाठवायचे आहेत आणि दोन वाजलेत. अशा वेळी वीस मिनिटांच्या वरचा ब्रेक नको, आणि घराबाहेर जाणारा तर नकोच. तीन ओळी लिहा, टायमर बारा मिनिटांवर लावा, जिन्याने तीन मजले खाली-वर करा, पाणी प्या. तेवढ्यात नाही सुचलं तर अडलेला प्रसंग सोडून त्यापुढचा लिहायला घ्या आणि मधल्या जागी कंसात "इथे तिला कळतं" एवढंच ठेवा. पुढचं लिहून झालं की मागचं बऱ्याचदा चार ओळींत भरून निघतं. साडेतीनपर्यंत कंस रिकामाच असेल, तर दिग्दर्शकाला चारला नाही, साडेतीनलाच फोन करा.